अव्वल गाणं ठरतं कसं?

घाटमाथ्यावर कोलंबो

मुंबईहून नाशिककडे निघालं की कसारा घाटात कुठेतरी मुंबईचं एफएम स्टेशन खरखरायला लागतं आणि इगतपुरी येईतो बहुधा सुटलेलं असतं. रेल्वेने अंतर जेमतेम १३७ किलोमीटर. पण एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि मध्ये सह्याद्री आडवा येतो. पन्नास-साठच्या दशकांत याच घाटमाथ्यावर दीड हजार किलोमीटरपलीकडचं कोलंबो मात्र लागायचं. लघुलहरी वर आकाशाकडे जातात, आयनांबरावरून परावर्तित होतात आणि दूरवर कुठेतरी खाली उतरतात. डोंगराचा अडसर त्यांना होत नाही. आवाज मधेच बारीक व्हायचा, पुन्हा भरून यायचा. शिवाय या घाटात विजेची इंजिनं स्वातंत्र्याच्या आधीपासून धावतात. वरची तार आणि इंजिनाचा पेंटोग्राफ यांच्यात ठिणगी उडाली की तिची करकर जवळपासच्या रेडिओतही उमटते.

अशा खरखरीतून गाणी ऐकणाऱ्या छोट्या गावांनी आपल्या देशातली पहिली मोठी गाण्यांची क्रमवारी घडवायला हातभार लावला. तो कसा लावला हे कळलं, की आजच्या ‘टॉप ट्वेंटी’ याद्या कशा वाचायच्या हेही कळतं.

केसकरांचा निर्णय, सिलोनचा फायदा

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. केसकर पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. रागदारी घरोघर पोहोचावी ही त्यांची तळमळ खरी होती. शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला. चित्रपटगीतांबद्दल मात्र त्यांना आस्था नव्हती. या गाण्यांची वेळ कापली गेली. चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात, म्हणून तेही बंद झालं. निर्मात्यांशी वाद पेटला आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ नाहीशी झाली.

श्रोता मग रेडिओचा काटा फिरवून सिलोनकडे गेला. कोलंबोच्या या रेडिओ सिलोनकडे दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैनिकांसाठी सुरू झालेल्या प्रक्षेपणाची तगडी यंत्रणा वारशाने आली होती आणि जाहिराती घ्यायला तिथे मज्जाव नव्हता. १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविधभारती सुरू करून आकाशवाणीने ही गळती थांबवायचा प्रयत्न केला, पण तोवर सिलोनची सवय पक्की झाली होती.

सात गाणी, शंभर रुपये

३ डिसेंबर १९५२, बुधवार. रात्री आठला ‘बिनाका गीतमाला’ पहिल्यांदा प्रसारित झाली. बिनाका हा सिबा कंपनीचा टूथपेस्टचा ब्रँड. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानाने कोलंबोला जायच्या. निवेदक अमीन सायानी तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते. आठवड्याला पंचवीस रुपयांत लिहिणं, बोलणं आणि पत्रं तपासणं असं सगळं एकट्याने करायला दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून ते काम त्यांच्याकडे आलं.

सुरुवातीला क्रमवारी नव्हतीच. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे नऊ हजार पत्रं आली. पुढे आकडा आठवड्याला साठ हजारांच्या वर गेला आणि एवढी पत्रं उघडून वाचणं अशक्य झालं. स्पर्धा बंद करून १९५४ च्या अखेरीला तिची जागा लोकप्रियतेच्या क्रमवारीने घेतली. एकेक ‘पायदान’ चढत गाणं वर जायचं. वर्षभराचा हिशोब मात्र या क्रमवारीच्या आधीपासूनचा आहे. १९५३ च्या हिशोबात अव्वल ठरलं ते ‘अनारकली’तलं लताबाईंचं गाणं; चाल होती सी. रामचंद्र यांची, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची.

दुकानातला आकडा

क्रमवारी लावायची तर काहीतरी मोजायला हवं. सायानींनी पहिला आधार घेतला रेकॉर्डच्या विक्रीचा. देशभरातल्या निवडक विक्रेत्यांकडून दर आठवड्याला कोणती रेकॉर्ड किती खपली याची माहिती मागवायची. वरवर पाहता यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता? माणसाने खिशातून पैसे काढून गाणं घरी नेलं, म्हणजे ते त्याला आवडलं.

पण त्या काळची एक रेकॉर्ड हातात घेऊन बघा. दहा इंचांची, लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी, हातातून पडली तर फुटणारी. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं एक गाणं, उलटवलं की दुसऱ्या बाजूला दुसरं. गिऱ्हाइकाने ती पहिल्या गाण्यासाठी घेतली की दुसऱ्या, हे दुकानदाराच्या वहीत कुठून येणार? तिथे खपल्याची नोंद एकच. पुढे एलपी आल्यावर तर अख्ख्या चित्रपटाची गाणी एकाच तबकडीवर आली आणि एकेका गाण्याची विक्री वेगळी काढणं आणखी अवघड झालं.

दुसरी अडचण याहून विचित्र. एखादं गाणं इतकं गाजायचं की दुकानातल्या सगळ्या रेकॉर्ड संपायच्या. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातून नवा माल येईपर्यंत त्या गाण्याची विक्री शून्य. लोक दुकानात येऊन हात हलवत परत जाताहेत आणि कागदावर मात्र गाणं घसरतंय! तिसरी अडचण पैशाची. ज्याचा चित्रपट आहे त्यानेच माणसं पाठवून मोजणीतल्या दुकानांतून गठ्ठ्याने रेकॉर्ड उचलल्या, तर आकडा फुगतो.

मला सगळ्यांत मोठी वाटते ती चौथी उणीव, कारण ती कोणाच्या लबाडीतून आलेली नाही. रेकॉर्ड विकत घ्यायला आधी घरात ग्रामोफोन हवा. रेडिओ त्या मानाने अनेकांच्या आवाक्यात होता; त्याला टपाल खात्याचा परवाना लागायचा, पण एका रेडिओभोवती अख्खी चाळ बसू शकायची. रेल्वेच्या एखाद्या फायरमनच्या घरात रेडिओ असला तरी ग्रामोफोन असेलच असं नाही. त्याची पसंती दुकानाच्या वहीत उमटायला वाटच नव्हती.

श्रोता संघ

यावर निघालेला तोडगा मला आजही फार मोलाचा वाटतो. गावोगावी श्रोत्यांचे संघ होते. चार-दहा मित्र किंवा शेजारी एकत्र यायचे, संघाला नाव द्यायचे, दर आठवड्याला आपापसांत मत घेऊन आवडत्या गाण्यांची यादी टपालाने पाठवायचे. गीतमालेने विक्रीच्या आकड्यांच्या जोडीला या संघांची मतं मोजायला सुरुवात केली. पुढे संघांची संख्या शेकड्यांत गेली.

झुमरीतलैयाचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आजच्या झारखंडमधलं, अभ्रकाच्या व्यापारावर उभं राहिलेलं हे गाव फर्माइशींच्या पत्रांमुळे देशभर माहीत झालं. पण फायदा एकट्या झुमरीतलैयाचा नव्हता. रेल्वे वसाहतींची गावं, गिरण्यांची गावं, तालुक्याची ठिकाणं यांना एका पोस्टकार्डाने मुंबई-दिल्लीच्या दुकानांच्या बरोबरीने मत मिळालं. इगतपुरीला तर गाड्यांना थांबावंच लागे, कारण ३७ फुटांमागे एक फूट चढ असलेल्या घाटात गाडीला मागून जोर देणारी जादा इंजिनं इथे सोडवली जात. टपालाला वाट मोकळी होती.

या पद्धतीतही खोट शिरू शकते. एकच माणूस दहा नावांनी पत्रं लिहू शकतो, संघाला कोणी हाताशी धरू शकतं. म्हणून एकच माप धरून न बसता दोन मापं एकमेकांशी ताडून पाहणं महत्त्वाचं होतं. दुकानात रेकॉर्ड संपली तरी संघांची मतं गाण्याला सावरून धरत. पत्रांचा अचानक पूर आला तर विक्रीचा आकडा त्यावर लगाम ठेवी.

वाजतं म्हणून आवडतं?

आता प्रसारणाकडे येऊ. गीतमाला गाण्यांची लोकप्रियता नुसती सांगत नव्हती, ती गाणी वाजवतही होती. वर आलेलं गाणं पुढच्या आठवड्यात पुन्हा वाजणार, पुन्हा कानावर पडणार, पुन्हा मतं मिळवणार. हे चक्र तोडायला सायानींनी नियम ठेवला: ठरावीक आठवडे यादीत राहिलेलं गाणं ‘सरताज गीत’ म्हणून मानाने बाहेर पडायचं आणि नव्या गाण्याला जागा व्हायची.

रेडिओवर वारंवार वाजवलं की गाणं खपतं, हे अमेरिकेत व्यापाऱ्यांनी लवकर हेरलं. तिथे रेकॉर्ड कंपन्या निवेदकांना गुपचूप पैसे देऊन गाणी वाजवून घेत. १९५९-६० मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर याची चौकशी झाली, ॲलन फ्रीडसारख्या नामवंत निवेदकाची कारकीर्द त्यात संपली आणि श्रोत्यांना न सांगता असे पैसे घेणं कायद्याने गुन्हा ठरलं. प्रसारण मोजायचं तर हा धोका कायम लक्षात ठेवावा लागतो, कारण वाजवायचं काय हे श्रोता ठरवत नाही.

विलायतेची रीत वेगळी, अमेरिकेची वेगळी

गीतमालेच्या अवघे तीन आठवडे आधी, १४ नोव्हेंबर १९५२ ला, ब्रिटनमध्ये ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ साप्ताहिकाने तिथली पहिली विक्रीवर आधारलेली क्रमवारी छापली. पर्सी डिकिन्स यांनी वीसेक दुकानांना फोन करून आकडे गोळा केले होते. अव्वल होता अल मार्टिनो. ब्रिटनने पुढेही अनेक दशकं विक्रीच धरून ठेवली. तिथल्या मुख्य यादीत रेडिओवर किती वाजलं याला आजही गुण नाहीत.

अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ने ४ ऑगस्ट १९५८ पासून ‘हॉट हंड्रेड’मध्ये विक्री आणि प्रसारण एकत्र केलं. पण तिथेही एक नियम दीर्घकाळ आड आला: बाजारात सुटी रेकॉर्ड नसेल तर गाण्याला यादीत प्रवेश नाही. नव्वदच्या दशकात कंपन्या लोकांनी महागडा अल्बम घ्यावा म्हणून सुटं गाणं विकायलाच काढेनात. ‘नो डाउट’ या बँडचं एक गाणं १९९६-९७ मध्ये सलग सोळा आठवडे रेडिओवर सर्वाधिक ऐकलं गेलं आणि हॉट हंड्रेडमध्ये शंभराव्या जागीही दिसलं नाही. १९९८ च्या डिसेंबरात नियम बदलला.

त्याआधीचा १९९१ चा बदल मला अधिक बोलका वाटतो. तोवर दुकानाचे व्यवस्थापक काय खपलं ते आठवून, अंदाजाने सांगत. त्या वर्षी बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली. रेडिओवरचं गाणंही त्याच्या ध्वनीच्या खुणेवरून यंत्र ओळखू लागलं आणि रात्री तीनला वाजलेल्या गाण्याला कमी, सकाळच्या गर्दीच्या वेळी वाजलेल्याला जास्त वजन मिळू लागलं. अल्बमच्या यादीत ग्रामीण ढंगाचं कंट्री संगीत आणि रॅप एकदम वर आलं. लोकांची आवड आठवड्याभरात पालटली नव्हती. ते ऐकणारे आधीही होते, मोजणीत नव्हते.

मराठी गाणं कुठे होतं?

गीतमाला हिंदी चित्रपटगीतांची. मराठी गाण्याला तिच्या तोडीची क्रमवारी कधी मिळाली नाही. मुंबई आकाशवाणीवरची ‘आपली आवड’ श्रोत्यांची नावं वाचून त्यांची गाणी लावायची, पण क्रम लावत नव्हती. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण प्रसारित झालं, ५६ गाणी. त्याची लोकप्रियता कोणत्या पायदानावर होती हे कोणी सांगू शकणार नाही, कारण मोजणारं कोणी नव्हतं. आधी प्रसारण, मग रेकॉर्ड, असा त्याचा प्रवास. दुकानाच्या वहीवर विसंबलो असतो तर त्या पहिल्या वर्षात ते दिसलंही नसतं.

फोनवरची मोजणी

गीतमाला १९८९ मध्ये विविधभारतीवर आली. तोवर कॅसेटने रेकॉर्डची विक्री मोडीत काढली होती आणि नकली कॅसेटच्या सुळसुळाटात खपाचा खरा आकडा कोणाकडेच उरला नव्हता. अमीन सायानी २० फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत गेले.

आज मोजणी फोनवर आली आहे. संगीत कंपन्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्ट्रीमिंगवर आधारलेली साप्ताहिक यादी काढली, ती परदेशी गाण्यांपुरती. २०२२ मध्ये बिलबोर्डने भारतातल्या गाण्यांची यादी सुरू केली. या मोजणीचा मराठीला फायदा झाला हे मान्य करायला हवं: संजू राठोडची २०२४ ची ‘गुलाबी साडी’ कोणत्याही चित्रपटाशिवाय, रील्सवरून देशभर पोहोचली आणि ते आकड्यांत दिसलं. पण जुनी उणीव नव्या रूपात परतली आहे. बिलबोर्डच्या हिशोबात वर्गणी भरून ऐकलेल्या गाण्याचं वजन जास्त, जाहिराती सोसत फुकट ऐकलेल्याचं कमी. शिवाय रेडिओवर ऐकणारा या यादीबाहेरच राहतो. नाशिक आकाशवाणी लावून दिवसभर दुकान चालवणाऱ्या माणसाची पसंती तिथे शून्य धरली जाते. खासगी एफएमवाल्यांचे स्वतःचे काउंटडाउन असतात, पण त्यांत काय मोजलं हे ते श्रोत्याला क्वचितच सांगतात.

आकाशवाणीच्या केंद्रांवर कोणतं गाणं कधी वाजलं याची नोंद ठेवली जाते. महाराष्ट्रातल्या केंद्रांची ही नोंद आणि तिथे येणाऱ्या फर्माइशी दर आठवड्याला जाहीर झाल्या, आणि त्या स्ट्रीमिंगच्या आकड्यांशेजारी ठेवता आल्या, तर मराठी गाण्याची पहिली भरवशाची क्रमवारी तयार होईल. सायानींनी हे काम पोस्टकार्डांवर करून दाखवलं होतं.