पत्र्यावर चढणाऱ्याचा विमा

एप्रिल-मे उजाडला की पारनेर, राहुरी, नेवासे या पट्ट्यातल्या पत्रेवाल्यांना उसंत नसते. उन्हाळी कांदा काढून झालेला असतो आणि तो चाळीत भरण्याआधी चाळीचा गळका पत्रा बदलायचा असतो. वळवाच्या वावटळीनं कुणाच्या गोठ्याचं छप्पर शेजारच्या रानात नेऊन टाकलेलं असतं. कारखान्यांचा गाळप हंगाम संपलेला असतो, त्यामुळे गोदामांच्या दुरुस्तीची कामंही याच दिवसांत निघतात. सगळ्यांना काम पावसाआधी हवं असतं.

आपल्याकडची जुनी घरं माळवदाची. माळवदावर माणसं झोपायची, धान्य वाळत घालायची. ते छप्पर माणसाचं वजन पेलायचं. पत्रा पेलतोच असं नाही. सिमेंटच्या पत्र्यावर जाणता कारागीर कसा चालतो ते एकदा बघावं. तो पत्र्याच्या मधोमध पाऊल टाकत नाही. जे-हूकांची रांग जिथे दिसते तिथेच टाकतो, कारण त्या रांगेखाली लोखंडी पाइप असतो. उन्हापावसात वर्षं काढलेला सिमेंटचा पत्रा बिस्किटासारखा ठिसूळ होतो. त्याहून फसवा फायबरचा. उजेडासाठी मध्ये बसवलेला तो पारदर्शक पत्रा चार वर्षांत पिवळा पडतो, त्यावर धूळ बसते आणि शेजारच्या पत्र्यात आणि त्याच्यात फरक कळेनासा होतो. नव्या पोराचा पाय तिथे पडला की पत्रा तग धरत नाही, आणि खाली पंधरा-वीस फुटांवर कोबा असतो.

अशा कामाचा विमा नेमका कसा चालतो, हे बहुतेक ठेकेदारांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक पॉलिसीची झेरॉक्स मागतो म्हणून ती काढली जाते. नागापूर किंवा सुप्याच्या एमआयडीसीत मोठं काम घ्यायचं तर पॉलिसीशिवाय आत सोडत नाहीत. गावातल्या चाळीच्या कामावर मात्र कुणीच विचारत नाही. माणूस पडायचा तर दोन्हीकडे सारखाच पडतो.

सुरुवात कायद्यापासून करू, कारण विमा त्याच्याच पाठीवर उभा आहे. कामावर, कामामुळे अपघात झाला तर मालकानं भरपाई द्यायची, हे आपल्याकडे १९२३ च्या कायद्यानं ठरलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण हिशेबाची रीत तीच राहिली. इथे मालक म्हणजे ज्यानं माणूस कामाला लावला तो, म्हणजे पत्रेवाला ठेकेदार. कामगार रोजंदारीवरचा आहे, कालच आला आहे, यानं काही फरक पडत नाही. चूक कुणाची होती, हेही मृत्यूच्या प्रकरणात सुटकेचं कारण होत नाही. दारू पिऊन चढला होता, मुद्दाम बेल्ट काढून ठेवला होता, ही कारणं मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व नसेल तेव्हाच पुढे करता येतात. बिल्डरनं आपल्या बांधकामातलं छपराचं काम ठेकेदाराला दिलं असेल, तर भरपाई बिल्डरकडूनही मागता येते आणि तो ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो.

भरपाईचा आकडा असा निघतो. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग घ्यायचा आणि त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणायचं. पगार कितीही असला तरी २०२० पासून हिशेबात महिना १५,००० रुपयांपर्यंतच धरला जातो. ६०० रुपये रोज आणि महिन्याला कामाचे पंचवीस दिवस, म्हणजे बरोबर १५,०००. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, होतात १५,५९,८५० रुपये. तोच माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला तर निम्म्याऐवजी साठ टक्के धरतात आणि रक्कम १८,७१,८२० वर जाते. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च निराळा. सहा माणसांची टोळी घेऊन फिरणाऱ्या ठेकेदाराकडे एवढे पैसे कुठून असणार?

हे ओझं ज्या पॉलिसीवर टाकता येतं तिचं नाव आता कर्मचारी नुकसानभरपाई विमा असं आहे. बाजारात तिला अजून डब्ल्यूसी म्हणतात. तिचा हप्ता ठरतो तो वर्षभराच्या एकूण मजुरीवर, हजारी अमुक रुपये अशा दरानं. दर कामाच्या धोक्याप्रमाणे बदलतो. जमिनीवर कैच्या जोडणाऱ्याचा कमी, उंचीवर पत्रे ठोकणाऱ्याचा जास्त, आणि प्रत्येक कंपनीचा आपापला. हिशेब कळावा म्हणून समजा, कंपनीनं हजारी २० रुपये सांगितले. सहा माणसं, प्रत्येकी १५,०००, बारा महिने, म्हणजे मजुरी १०,८०,०००. हप्ता २१,६००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २५,४८८. वर्षात तीनशे दिवस काम धरलं तर माणशी दिवसाला साधारण चौदा रुपये पडतात.

इथेच मोह होतो. फॉर्मवर पगार ८,००० लिहिला तर याच दरानं वर्षाला पावणेबारा-बारा हजार वाचतात. पण अपघात झाला की कंपनी नोंदवलेल्या पगाराच्या हिशेबानं हात देते. त्याच तीस वर्षांच्या माणसासाठी ८,३१,९२० येतात आणि उरलेले ७,२७,९३० ठेकेदाराच्या खिशातून जातात. सहांच्या जागी चार माणसं दाखवली तर वाद आणखी चिघळतो, पडलेला माणूस त्या चारांतला की बाहेरचा. कामाच्या रकान्यात नुसतं 'फॅब्रिकेशन' लिहिणं हीसुद्धा अशीच काटकसर. काम उंचीवर पत्रे बसवण्याचं असेल तर तसंच लिहावं, किती फुटांवर तेही लिहावं. हप्ता वाढेल, वाढू द्यावा.

पॉलिसी हातात आल्यावर तीन गोष्टी शोधाव्यात. औषधोपचाराचा खर्च आत आहे का, आणि किती रकमेपर्यंत? तो बहुधा वेगळा हप्ता भरून घ्यावा लागतो, आणि पत्र्यावरून पडणाऱ्यांत हातपाय मोडणारेच जास्त. दुसऱ्या ठेकेदाराकडून आणलेली माणसं, म्हणजे हंगामात उसनवारीनं घेतलेला वेल्डर, धरलेली आहेत का? आणि भरपाईला उशीर झाला तर लागणारं व्याज कंपनी देणार का?

सगळ्यात दुखरी जागा वेगळीच आहे. आपल्याकडचा पत्रेवाला खुर्चीत बसून ठेका चालवत नाही. आढ्यापर्यंत तोच आधी चढतो, कठीण जागेचा पत्रा तोच बसवतो. पण या पॉलिसीत तो मालक आहे, कामगार नाही. तो पडला तर डब्ल्यूसीमधून त्याच्या घरी एक रुपया येत नाही. भाऊ, पुतण्या, मेहुणा हातभार लावायला येतात, त्यांचा रोज वहीत नसेल तर त्यांचीही तीच गत. ठेकेदारानं स्वतःसाठी वैयक्तिक अपघात विमा वेगळा काढायला हवा, आणि त्या फॉर्मवरही आपला धंदा लपवू नये. बँकेतल्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापून जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना दोन लाखांची आहे. ती प्रत्येकानं घ्यावीच, पण तिच्यावर संसार तरत नाही.

कामगारांसाठी आणखी एक दार आहे. वय अठरा ते साठ आणि आधीच्या बारा महिन्यांत बांधकामावर नव्वद दिवस काम केलेलं असेल, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. नोंदीत कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर वारसाला पाच लाख मिळतात. ठेकेदारानं नव्वद दिवसांचा दाखला सही करून द्यायला मागेपुढे पाहू नये. टोळी दहा किंवा जास्त माणसांची झाली तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतं का तेही तपासावं, कारण त्या छत्राखालच्या कामगाराची भरपाई तिकडूनच येते.

मालाचं आणि तिऱ्हाइताचं नुकसान डब्ल्यूसीत येत नाही. वेल्डिंगची ठिणगी खालच्या कडब्यात पडली, बांधायच्या राहिलेल्या पत्र्यांवर वारं शिरलं, उचलताना पत्रा निसटून कुणाच्या गाडीवर आला, यासाठी काँट्रॅक्टर्स ऑल रिस्क नावाची पॉलिसी असते. ती एका कामापुरती, कामाच्या किमतीवर आणि मुदतीवर काढतात. स्वतःचं खराब काम दुरुस्त करण्याचा खर्च तीही देत नाही. लहान चाळीसाठी ती कुणी काढत नाही, पण गोदामाच्या कामाला ती हवीच.

आता अपघात झाल्यावरचं. आपल्या गावांत पहिली हालचाल होते ती मिटवण्याची. चार जाणती माणसं बसतात, दोन-तीन लाखांवर बोलणं होतं, कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जातो. त्यात कुणाची वाईट भावना असतेच असं नाही. पण मृत्यूची भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जुन्या कायद्यातल्या नुकसानभरपाई आयुक्ताच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याकडे, जमा करावी लागते. वारसाच्या हातात परस्पर ठेवलेले पैसे कायदा भरपाई मानत नाही, फक्त तीन महिन्यांच्या मजुरीइतकी उचल त्यातून वळती होते. विधवेला तिचा हक्क पूर्ण मिळत नाही आणि ठेकेदारही मोकळा होत नाही. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७५ मध्येच सांगितलं आहे. महिन्याच्या आत भरली नाही तर बारा टक्के व्याज लागतं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर निम्म्या रकमेपर्यंत दंड. तो दंड विमा कंपनीच्या माथी मारता येत नाही.

म्हणून त्याच दिवशी पोलिसांत खबर, पंचनामा, कंपनीला लेखी कळवणं, वयाचा पुरावा आणि हजेरीची वही. पॉलिसी आदल्या दिवशी संपली असेल तर सकाळी धावत जाऊन नवी काढून उपयोग नाही. हप्ता भरल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही आणि पॉलिसीवर तारखेबरोबर वेळही छापलेली असते.

हजेरीची वही बहुतेकांच्या गाडीच्या डिकीत असते. नाव, वय, रोज, साइट कोणती, सही किंवा अंगठा, एवढे रकाने पुरतात. वर्षाअखेरीला खरी मजुरी कळवून हप्त्याचा हिशेब याच वहीवर जुळवायचा असतो, जास्त भरला असेल तर परत मागता येतो. फक्त ती संध्याकाळी रोज वाटताना लिहायची सवय मोडावी लागेल. दुपारी बाराला पडलेल्या माणसाचं नाव त्या दिवशीच्या पानावर नसतं. शिडी लावायच्या आधी, सगळे खाली उभे असताना, वही उघडावी.