आधी ध्रुव, मग फोटो!

लग्नात सप्तपदी झाली की गुरुजी नवरीला ध्रुव दाखवतात. आपण मंगल कार्यालयाच्या छताकडे पाहतो आणि पंगतीकडे वळतो! पण आकाशाचे फोटो काढायचे, तर हा ध्रुव खरोखरच शोधावा लागतो.

परतवाड्यात उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं पडली की माझा ट्रायपॉडही वर जातो. ‘काहाले रातभर जागतं वं माय?’ शेजारच्या काकू विचारतात. त्यांचंही खरंच आहे. घरचं आवरून, सकाळचा डबा डोळ्यांपुढे ठेवून आपल्याला मिळतात जेमतेम दोन तास. ते वाया जायला नको असतील, तर पहिली दहा मिनिटं ध्रुवाला द्या.

कारण सोपं आहे. पृथ्वी फिरते, म्हणून आकाश दर ४ मिनिटांनी एक अंश सरकताना दिसतं. ५० मिलिमीटरच्या लेन्सने १० सेकंदांहून जास्त वेळ शटर उघडं ठेवलं, की ताऱ्यांच्या रेघा होऊ लागतात. ट्रॅकर नावाचं छोटं यंत्र कॅमेऱ्याला आकाशाच्याच वेगाने फिरवतं. मात्र त्याचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर हवा. पंख्याची दांडी तिरपी असली तर पातीही तिरपी फिरतात ना, तसंच हे!

उन्हाळ्यात रात्री नऊच्या सुमाराला सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. चौकोनातल्या पुलह आणि क्रतू या ताऱ्यांमधली रेघ क्रतूच्या बाजूने पाचपट वाढवा, की आला ध्रुव. त्याची उंची गावाच्या अक्षांशाएवढी, म्हणजे आपल्याकडे २१ अंशांहून किंचित जास्त. हात लांब करून क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवा, सातपुड्याच्या रांगांवर तो सापडेल.

आता ट्रायपॉड समपातळीत, ट्रॅकरचा कल २१ अंशांवर आणि तोंड उत्तरेला. पण एवढ्यावर थांबू नका. ‘अढळ’ ध्रुवही खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे ०.६ अंश दूर आहे, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहूनही जास्त. तोही छोटीशी प्रदक्षिणा घालतो! ट्रॅकरच्या दुर्बिणीत त्यासाठी वर्तुळ आखलेलं असतं. या घडीला ध्रुव त्यावर कुठे हवा, ते मोबाईलमधलं अॅप सांगतं. नेमका तिथे आणा.

रुंद दृश्याची लेन्स थोडी चूक पोटात घालते. २०० मिलिमीटरची मात्र नाही. एका अंशाचा फरक राहिला, तर मिनिटभरातच तारे लांबट दिसू शकतात. म्हणून आधी एक मिनिटाचा फोटो काढून मोठा करून बघा. ठिपके गोल आले, तरच पुढे जा. आणि हो, पोरांना ट्रायपॉडपासून लांब ठेवा. एक धक्का, की सगळं पहिल्यापासून!

विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिथे जाणं होईल तेव्हा होईल. तोवर अमावास्येच्या आसपासची एक रात्र निवडा आणि आपल्याच गच्चीवर हात बसवून घ्या.