‘शेवटची गाडी’ विकायला निघते तेव्हा

“शेवटचा लॉट आहे शेठ, पुन्हा येणार नाही.” हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा कापडवाला सापडणे कठीण. अमेरिकेत १९७६ साली हेच वाक्य एका मोटारगाडीबाबत बोलले गेले आणि भले भले त्याला भुलले. ती गाडी म्हणजे कॅडिलॅक कंपनीची एल्डोराडो कन्व्हर्टिबल, अर्थात छत दुमडून मागे टाकता येणारी, ८.२ लिटर इंजिनाची अगडबंब मोटार.

त्या काळी तिथे उघड्या गाड्यांचा खप घटला होता. गाड्यांत एअरकंडिशन आले होते, आणि गाडी उलटल्यास छत टिकले पाहिजे असा कायदा येणार ही धास्तीही होती. एकेका कंपनीने या गाड्या बंद केल्या. कॅडिलॅकने आपली ही गाडी अमेरिकेची शेवटची म्हणून जाहीर केली आणि त्या वर्षी १४,००० गाड्या बनविल्या. छापील किंमत ११,०४९ डॉलर होती. काहींनी त्यावर हजारो डॉलर जास्त मोजले. गाडी चालवायची नाही, झाकून ठेवायची आणि भाव चढला की काढायची, हा हिशेब.

पुढे काय झाले? १९८२ साली क्रायस्लरने उघडी गाडी पुन्हा आणली. १९८४ साली तर खुद्द कॅडिलॅकनेच एल्डोराडो कन्व्हर्टिबल परत बाजारात उतरविली. चिडलेले ग्राहक कोर्टात गेले, पण दावा टिकला नाही. मला यात नवल वाटले नाही. एका मिलने एक सॉर्ट बंद होणार म्हणून सांगितले, तेव्हा मीही गोदाम भरले होते. दोन वर्षांत तोच माल दुसऱ्या शिक्क्याने आला. बनविणाऱ्याच्या हाती माग आहे तोवर ‘शेवटचा’ या शब्दाला किंमत देऊ नये, हे तेव्हा कळले.

आता भावाचे पाहू. १९७६ ते २०२४ या काळात अमेरिकेतील महागाई सुमारे साडेपाच पट झाली. म्हणजे मूळ ११,०४९ डॉलर नुसते भरून यायलाच साठ हजारांच्या आसपास मिळायला हवेत. गॅरेज, विमा, दुरुस्ती वेगळी. फारच कमी चाललेल्या गाड्या सोडल्या, तर साधारण चांगल्या गाडीला त्याच्या निम्मेही मिळणे कठीण जाते. तेव्हा मालकाने मनातला भाव बाजूला ठेवून, तशाच स्थितीतल्या गाड्या प्रत्यक्ष कितीला गेल्या ते आधी पाहावे. मागितलेला भाव हा भाव नव्हे.

जास्त पैसे मिळतात ते मूळपणाचे आणि कागदांचे. त्या काळच्या मैलमापकावर पाचच आकडे असत; ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. मग वीस हजार दिसतात ते वीस की एक लाख वीस? हे सांगतात जुनी सर्व्हिसची बिले, खरेदीची पावती, मालकीचा कागद. रंगही कंपनीतला असेल तर डाग असले तरी राहू द्यावा. पुन्हा रंगविलेली गाडी कितीही चमको, जाणकार गिऱ्हाईक आत काय झाकले आहे ते विचारणारच.

आणि ऐब सांगावेत. उभी राहिलेली गाडी आतून खराब होते: टायर चिरतात, पेट्रोल चिकट होते, ब्रेक धरतात. या गाडीत बंपरजवळचे प्लॅस्टिकचे तुकडे भुगा होतात आणि छताच्या यंत्रणेतील प्लॅस्टिकचे दाते झिजतात. अमेरिकेत खाजगी मालक ‘आहे तशी’ म्हणून गाडी विकतो. परंतु कायद्याने सुटलो तरी माहीत असलेला दोष दडविणे ही फसवणूकच. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा पाहणारे आणि ओले धान्य वर ठेवायला सांगणारे हुजूर (स.) आपल्याला ठाऊक आहेत.

जकातीचा मुद्दा राहतो. स्वतःच्या वापराच्या गाडीवर जकात नाही. मात्र घेतानाच विकण्याची नीयत असेल, तर बहुतेक उलेमांच्या मते तो तिजारतीचा माल ठरतो आणि दरवर्षी चालू भावावर अडीच टक्के निघतात. भाव चढण्याची वाट पाहणाऱ्याने हा खर्च सहसा मांडलेला नसतो. आपल्या बाबतीत काय ते मुफ्ती साहेबांना विचारून घ्यावे.

विक्री तीन तऱ्हेने होते: थेट गिऱ्हाईकाला, अडतीवर विकणाऱ्या डीलरमार्फत, किंवा लिलावात. लिलावात किमान भाव आधी ठरवून द्यावा, आणि अडत किती व गाडी न विकल्यास कोणता खर्च आपल्या अंगावर, हे लेखी घ्यावे. गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या दिवशी इंजिन चालू ठेवून छत दोनदा उघडावे, मिटावे. अडकायचे असेल तर ते आपल्यासमोर अडकू द्यावे.