पट्टा घ्यावा तो हात मोजून

दांडपट्टा हातात धरत नाहीत, हातच त्यात घालतात. कोपराकडे जाणारा लोखंडी खोबळा, आत मुठीत धरायची आडवी दांडी, आणि मागे हाताला आवळून बसणारी पट्टी. ती बसली की मनगट बंद. तलवार मनगटावर फिरते. पट्टा खांदा, कंबर आणि पायांवर फिरवावा लागतो. म्हणून मर्दानी खेळाच्या आखाड्यात नवख्याला आधी पवित्रे आणि लाठीच घोटावी लागते.

१९ फेब्रुवारी २०२४ रोजी, शिवजयंतीला, दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. कोल्हापूरच्या तालमींना त्यात नवल नव्हतं, पण मागणी मात्र गावोगावी पोचली. संभाजीनगर-पैठण रस्त्यावरच्या चितेगावातल्या एखाद्या पोराने सरावासाठी पट्टा घ्यायचं ठरवलं, तर त्याने आधी काय पाहावं?

पातं नव्हे, खोबळा. तो सैल असेल तर प्रत्येक वळणाला हात आत आपटतो, अन् घट्ट असेल तर थोड्याच वेळात बोटं बधिर होतात. मूठ मिटून, मनगटाला कापड गुंडाळून हात घालून पाहावा. दांडी बोटांच्या मधल्या पेरांत बसली पाहिजे. नक्षी, सोनेरी मुलामा हे सगळं नंतर.

दक्षिण चीनमधल्या विंग चुन या युद्धकलेच्या जोडसुऱ्या निवडतानाही हातच मोजतात. त्या कलेचे वस्ताद इप मॅन यांच्यावरच्या चित्रपटांमुळे त्या आपल्याकडेही ओळखीच्या झाल्या आहेत. पातं साधारण कोपरापासून मनगटापर्यंत, म्हणजे उलटं फिरवून हाताशी टेकवता येतं. दोन्ही सुऱ्या एकाच म्यानात शेजारी शेजारी मावतात. तिथे मनगट मोकळं राहतं, आखूड पात्याने प्रतिस्पर्ध्याच्या अगदी अंगाशी भिडता येतं. पट्टा याच्या नेमका उलट: लांब, लवचीक, अंतर राखणारा. जुन्या पट्ट्यांची कित्येक पाती तर युरोपातून आलेली, त्यांना आपल्याकडे फिरंगी म्हणत.

लवचीकपणाचाच सगळा घोळ आहे. चितेगाव कारखान्यांचं गाव, पत्रा कापणारा आणि वेल्डिंगवाला हाकेवर. ‘बनवून घेऊ’ हा मोह स्वाभाविक, पण वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि जोडाजवळ पातं तुटू शकतं. फिरत्या पट्ट्यातून सुटलेलं पातं प्रेक्षकांत जातं. जुने कारागीर खोबळ्यातून पुढे आलेल्या पट्ट्यांमध्ये पातं धरून रिव्हेट मारत. विकत घेतानाही ते रिव्हेट बोटाने चाचपावेत, पातं थोडं वाकवून सोडावं. सरळ झालं नाही तर परत द्यावं. लांबीची हौस तर अजिबात नको: आपल्याच पायाला लागणारा पट्टा उंचीला जास्त आहे.

धार? सरावाला मुळीच नको. नऊ इंचांहून लांब धारदार पात्याचं शस्त्र शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतं, आणि मे २०१८मध्ये संभाजीनगरात (तेव्हाच्या औरंगाबादेत) ऑनलाइन मागवलेल्या तलवारी-सुऱ्या पोलिसांनी जप्त केल्या होत्या. त्यामुळे कुरिअरने डोळे झाकून मागवण्यापेक्षा वस्तादांना बरोबर नेऊन घ्यावा, नेण्या-आणण्याचे नियम आधी पोलीस ठाण्यात विचारावेत.

तळहातावरचं लिंबू कापायच्या प्रयोगाला धारेचं पातं लागतंच. तो पट्टा वस्तादांचा, आणि लिंबू धरणारा हातही त्यांनीच निवडलेला.