उंच मोटारसायकल आणि आंखूड पाय

मराठ्यांच्या घोडदळांत भीमथडीच्या लहानखुऱ्या पण चिवट घोड्यांचा मोठा लौकिक होता. स्वाराला रिकिबींत पाय घालून वर चढतां आलें म्हणजे झालें. घोडा थांबल्यावर त्याला सांवरून धरण्याचें काम स्वारावर पडत नसे, कारण घोड्याला स्वतःचे चार पाय असतात. मोटारसायकलीची गोष्ट निराळी आहे. धांवतांना ती आपला तोल बऱ्याच अंशीं आपणच सांभाळते. परंतु थांबली कीं तिच्याजवळ दोनच चाकें उरतात, आणि बाकीचे दोन पाय स्वारानें पुरवावे लागतात. ते पाय जमिनीपर्यंत पोंचत नसतील तर काय करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आमच्या बीड जिल्ह्यांत तेलगांवच्या रस्त्यांवर या प्रश्नाचें महत्त्व सहज ध्यानीं येतें. येथें साखर कारखाना आहे. गळिताच्या हंगामांत उंसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर यांची रांग लागते. धारूरकडे जातांना बालाघाटाच्या डोंगरांतला घाट चढावा लागतो. चढावर पुढची ट्रॉली थांबली कीं मागच्या स्वारालाही जागच्या जागीं थांबावें लागतें. डांबराची कड जेथें संपते तेथें काळी माती चार बोटें खालीं असते, आणि पावसाळ्यांत ती निसरडी होते. अशा ठिकाणीं दीडशें किलोचें यंत्र कलूं लागलें, तर टांच नाहीं तरी चवडा भुईला लागलाच पाहिजे. भरधांव गाड्यांच्या अपघातांची चर्चा होते. उभ्या उभ्या पडून घोटा मोडून घेणाऱ्यांची होत नाहीं.

प्रथम मापें पाहूं. स्प्लेंडर किंवा पल्सर १५० या रोजच्या वापरांतील गाड्यांच्या बैठकीची उंची ७८५ मिलिमीटर आहे. २०२३ मध्यें आलेल्या बुलेट ३५० ची ८०५ आहे. खडबडीत वाटांसाठीं केलेल्या गाड्या याहून उंच असतात, कारण त्यांच्या चाकांना वरखालीं होण्यास अधिक वाव आणि पोटाखालीं अधिक मोकळी जागा लागते. पुण्याजवळ चाकण येथें बजाजच्या कारखान्यांत तयार होणारी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर २०२० मध्यें बाजारांत आली, तेव्हां तिची बैठक ८५५ मिलिमीटर उंच होती. २०२३ मध्यें तिचीच ८३० मिलिमीटरची ठेंगणी आवृत्ति निघाली. त्याच वर्षीं आलेल्या नव्या हिमालयनची बैठक ८२५ किंवा ८४५ मिलिमीटरवर बसवितां येते, आणि निराळी ठेंगणी बैठक घेतल्यास ती ८०५ पर्यंत उतरते. आंखूड पाय हा स्वाराचा दोष नसून मापाचा प्रश्न आहे, हें कारखानदारांनींही ओळखलें, असाच याचा अर्थ.

परंतु उंचीचा आंकडा हें अर्धेंच सत्य आहे. बैठकीच्या रुंदीचाही हिशेब धरला पाहिजे. शाळेंतील पायथागोरसचा सिद्धांत येथें उपयोगी पडतो. पायाची लांबी ७८ सेंटिमीटर धरा. बैठक रुंद असल्यामुळें पाय फांकून पाऊल ३० सेंटिमीटर बाहेर गेलें, तर उभें अंतर भरतें अवघें ७२. तेंच पाऊल २० सेंटिमीटरच बाहेर गेलें, तर उभें अंतर ७५ च्या वर जातें. म्हणजे बैठक एक रेसभरही खालीं न आणतां तीन सेंटिमीटरांहून अधिक लाभ झाला! म्हणून सीट-कव्हर करणाऱ्या कारागिराकडे गेल्यावर “फोम कमी कर” एवढेंच सांगूं नये. मांड्या जेथें घासतात त्या पुढच्या दोन्ही कडा उतरत्या करून घ्याव्या, आणि मधली जाडी शक्यतों राखावी. सगळाच फोम उतरविला तर खालचा पत्रा हाडांना लागतो, गुडघे अधिक दुमडतात, आणि शंभर किलोमीटरच्या प्रवासांत त्याची किंमत मोजावी लागते.

दुसरा उपाय मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण कमी करण्याचा. पुष्कळ गाड्यांत त्यासाठीं खांचांची कडी असते. येथें एक गोष्ट सहसा लक्षांत येत नाहीं. ८५ किलोच्या माणसाखालीं गाडी जितकी दबते तितकी ती ५० किलोच्या मुलीखालीं दबत नाहीं. म्हणून तीच गाडी हलक्या स्वाराला नुसती उंच वाटते असें नव्हे, ती खरोखरच अधिक उंच असते. ठोकताळा असा कीं स्वार बसल्यावर चाकाच्या एकंदर हालचालीचा सुमारें एक तृतीयांश भाग दबलेला असावा. मागच्या चाकाच्या आंसापासून वरच्या एखाद्या खुणेपर्यंत टेपनें तीनदां मापावें: चाक अधांतरीं असतांना, गाडी रिकामी उभी असतांना, आणि स्वार बसल्यावर. दबणें कमी भरल्यास ताण सैल करण्यास जागा आहे असें समजावें. मात्र मागें माणूस बसवावयाचा असेल तेव्हां तो पुन्हां वाढवावा. नाहींतर खड्ड्यांत शॉकअप तळाला ठोकतो.

याउपरही पाय पोंचत नसतील, तरच गाडीच्या अंगास हात घालावा. ज्या गाड्यांत मागच्या एकाच शॉकअपला जोडपट्ट्या असतात, त्यांतील बहुतेकांत किंचित् लांब पट्ट्या घातल्या कीं मागचा भाग खालीं येतो. तरफेच्या नियमामुळें पट्टींतील थोड्या मिलिमीटरांचा फरक बैठकीपाशीं कितीतरी अधिक होतो. पुढच्या बाजूस फोर्कच्या नळ्या त्यांच्या पकडींतून थोड्या वर सरकवितात. दोन्ही बाजू सारख्याच उतराव्या, हा येथला मुख्य नियम. नुसता मागचा भाग उतरला तर हँडल जड होतें आणि दिव्याचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. नुसता पुढचा उतरला तर हँडल फार चटकन् वळूं लागतें आणि वेगांत गाडी अस्थिर होते. फोर्क फार सरकविल्यास खोल खड्ड्यांत चाक किंवा मडगार्ड वर आदळण्याचें भय असतें. शिवाय साखळीचा ढिलेपणा पुन्हां पाहून घ्यावा, आणि गांवोगांवच्या गतिरोधकांना पोट घासतें कीं काय तेंही पाहावें.

साईड स्टँडचा विसर पुष्कळांना पडतो. गाडी उतरली कीं जुना स्टँड तिला लांब होतो; गाडी जवळ जवळ सरळ उभी राहते आणि थोड्या धक्क्यानें उजवीकडे कोसळते. म्हणून तो त्या मानानें आंखूड करून घ्यावा. मेन स्टँड असल्यास त्यावर गाडी चढविण्यास पूर्वीपेक्षां अधिक जोर लागेल, हेंही ध्यानांत असावें.

एक गोष्ट मात्र कोणीं कितीही स्वस्तांत करून दिली तरी करूं नये: स्प्रिंग कापूं नये. कापलेली स्प्रिंग आंखूड होते तशीच अधिक ताठही होते. तिचें सपाट टोंक गेल्यानें ती नीट बसत नाहीं. सांगाडा कापून जोडणें तर त्याहून वाईट. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणींतील मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल वाहनांत करतां येत नाहीं. मागें बसणाराच्या हाताची पकड, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकावरील संरक्षक आवरण हीं १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें आवश्यक आहेत. बैठक बदलतांना तीं काढून टाकूं नयेत.

आतां सर्वांत स्वस्त उपाय. दोन्ही पाय एकदम टेंकण्याची गरज नसते, एक पुरतो. थांबण्यापूर्वीं कंबर थोडी डावीकडे सरकवावी, डावा पाय टेंकावा, उजवा मागच्या ब्रेकवर ठेवावा. चढावर गाडी मागें सरूं न देणारा हाच पाय होय. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनें जातों, आणि पाणी वाहून जावें म्हणून रस्ता मधून कडेकडे उतरता असतो. त्यामुळें डाव्या पायाखालची भुई नेमकी खोल असते. म्हणून थांबण्याची जागा आधींच हेरावी: चाक खळग्यांत, पाय उंचवट्यावर. जाड तळाच्या बुटानें एखादा सेंटिमीटर मिळतो. मात्र पाऊल गिअरच्या दांडीखालीं नीट शिरतें ना, हें पाहून दांडी वर घ्यावी.

तेव्हां क्रम असा ठेवावा: आधीं थांबण्याची रीत आणि बूट, मग बैठकीच्या कडा, मग स्प्रिंगचा ताण, आणि सर्वांत शेवटीं पट्ट्या व फोर्क. प्रत्येक पायरीनंतर मोकळ्या मैदानांत वीस-पंचवीस वेळां थांबून पाहावें, आणि चवडा निर्धास्त टेंकला कीं तेथेंच थांबावें. गाडी जितकी उतरवाल तितका खड्ड्यांतला तिचा वाव कमी होतो. म्हणून गरजेपुरतेंच घ्यावें. घरांतील मुलीनें किंवा ठेंगण्या मुलानें उंच गाडीची इच्छा दाखविली, तर “तुझे पाय पुरणार नाहींत” असें म्हणण्याआधीं वडील मंडळींनीं एकदां टेप हातीं घ्यावी.