अंगणातलं रानपाखरू

दोस्तांनो, एक काम करा. कोंबडी दिसली की आधी तिच्या पायांकडे बघा. पिवळे आहेत? मग ऐका गंमत. तो पिवळा रंग जंगलातून आलाय!

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबाच्या जंगलात एक पक्षी फिरतो, करडा रानकोंबडा. अंगावर राखाडी पिसं, डोक्यावर लाल तुरा आणि मानेवर मेणाचे थेंब सांडावेत तसे पिवळसर ठिपके. हा पक्षी फक्त भारतातच राहतो. जगात दुसरीकडे कुठेही नाही!

घरच्या कोंबड्यांचा खरा पूर्वज मात्र त्याचा भाऊबंद, लाल रानकोंबडा. आग्नेय आशियातल्या माणसांनी काही हजार वर्षांपूर्वी त्याला माणसाळवलं. पण थांबा! लाल रानकोंबड्याची कातडी तर पिवळी नसते. मग आपल्या कोंबडीला पिवळे पाय दिले कुणी?

ओळखलंत? करड्या रानकोंबड्यानं! स्वीडनच्या उपसाला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली हे शोधून काढलं. मका, हिरवा पाला यांत एक पिवळा रंग असतो. लाल रानकोंबड्याची कातडी तो रंग मोडून टाकते. करड्याची कातडी तो साठवून ठेवते. हा गुण करड्याकडून घरच्या कोंबड्यांत आला. आज जगभरातल्या कितीतरी कोंबड्या आपल्या रानातल्या पाखराची खूण पायावर मिरवत हिंडताहेत!

म्हणून कोंबड्या पाळायच्या तर एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कोंबडी हे रानपाखरू आहे. रानात तिला जे लागतं, ते अंगणात द्या. बस्स!

किती आणायच्या?

सुरुवातीला चार-पाच तलंगा पुरेत. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की ती अंडी द्यायला लागते.

आणि कोंबडा? अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही! कोंबडी एकटीही अंडी घालते. फक्त त्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत. पिल्लं हवी असतील, तरच कोंबडा आणा.

झोपायला उंच जागा

रानकोंबडी रात्री झाडावर चढून झोपते. जमिनीवर झोपली तर रानमांजर सोडेल का? म्हणून खुराडं जमिनीपासून हातभर उंच हवं आणि आत बसायला आडवी दांडी हवी. चंद्रपूर-गडचिरोलीत बांबूला काय तोटा! पण फटी बारीक ठेवा. मुंगूस आणि साप फार हुशार असतात.

संध्याकाळी कोंबड्यांच्या मागे धावत बसू नका. अंधारात त्यांना नीट दिसत नाही. दिवस कलला की त्या आपणहून खुराड्यात शिरतात. तुमचं काम एकच. दार लावायचं, रोज, न विसरता!

दिवसा मात्र कोंबडा पहारा देतो. आकाशात शिकारी पक्षी दिसला तर त्याचा एक आवाज, जमिनीवरून शत्रू आला तर वेगळाच आवाज! पहिला आवाज ऐकून कोंबड्या दबून बसतात. दुसरा ऐकला की मान उंच करून इकडेतिकडे बघतात.

दात नाहीत, मग चावते कशी?

तांदळाची कणी, कोंडा, भाजीची देठं टाका. बाकीचं कोंबडी स्वतः उकरून शोधते. पिल्लांना वाळवी दिसली की बघा काय झुंबड उडते! वाढत्या पिल्लांना किड्यांतून भरपूर प्रथिनं मिळतात. बुरशी लागलेला दाणा मात्र कधीच टाकू नका.

पण कोंबडीला दात कुठे असतात? म्हणून ती चक्क बारीक खडे गिळते! तिच्या पोटात जाड स्नायूंची एक पिशवी असते. तिथे ते खडे दाणे भरडतात. आजीचं जातं असतं ना, अगदी तसं. फक्त हे जातं पोटात!

आणि आंघोळ? पाण्यानं नाही, मातीनं! कोरड्या मातीत थोडी चुलीची राख मिसळून एक खड्डा भरून ठेवा. कोंबडी त्यात लोळते, पंखांत माती उडवते आणि पिसांतल्या उवा झटकते.

एक अंडं, एक दिवस

एक अंडं तयार व्हायला किती वेळ लागतो? साधारण २४ ते २६ तास! त्यातले जवळजवळ २० तास तर नुसतं कवच बनवण्यात जातात. कवच असतं मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट नावाच्या पदार्थाचं. हे कॅल्शियम खाण्यातून मिळालं नाही, तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढून देते! म्हणून वापरलेल्या अंड्यांची टरफलं वाळवा, चुरा करा आणि तिलाच परत खायला घाला.

अंडी घालायला तिला आडोसा लागतो. कोपऱ्यात एक टोपली ठेवा, आत धानाचं तणस पसरा.

गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. कमी वाटतात? अहो, रानकोंबडी एका विणीला चार ते सातच घालते! गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते, मग खुडूक होते. फुगून बसते, जवळ गेलात तर टोचते! तिला आता अंडी उबवायची असतात. गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींच्या कोंबड्या जास्त अंडी देतात. त्या सहसा खुडूक होत नाहीत.

एकविसाव्या दिवसाची जादू

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की बरोबर तीन आठवडे मोजा. सातव्या-आठव्या दिवशी रात्री एक अंडं अलगद उचला. त्याच्या रुंद टोकाला टॉर्च लावा. आत कोळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसतील! मध्ये एक गडद ठिपका. तेच पिल्लू! काहीच दिसलं नाही, तर त्यात पिल्लू नाही.

रुंद टोकाला हवेची एक छोटी पोकळी असते. बाहेर यायच्या आधी पिल्लू त्या पोकळीत चोच घालतं आणि पहिला श्वास घेतं. कवच फुटायच्या आधी! मग आतूनच चिवचिवतं आणि बाहेरून आई उत्तर देते!

दोन सावधगिऱ्या

पहिली मानमोडीची. या रोगात कोंबडीची मान वाकडी होते आणि बघता बघता अख्खं खुराडं रिकामं होतं. त्यावर लस आहे. पिल्लू आठवड्याचं असतानाच डोळ्यात किंवा नाकात एक थेंब! पुढच्या डोसांचं जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

दुसरी उन्हाची. चंद्रपूरचा मे महिना म्हणजे पारा ४५च्या वर! कोंबडीला घामच येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते. तिला झाडाची सावली आणि मातीच्या भांड्यात थंड पाणी द्या. उन्हाळ्यात अंडी कमी झाली, तर तिच्यावर रागावू नका.

आता तुमची पाळी

नॉर्वेत एक मुलगा होता, थॉरलाइफ श्येल्डेरुप-एब्बे. शाळकरी वयातच तो कोंबड्यांकडे तासन्‌तास बघत बसायचा. कोण कुणाला टोचते, हे त्यानं नोंदवून ठेवलं. त्याला कळलं की कळपात प्रत्येकीचा नंबर ठरलेला असतो! पहिली सगळ्यांना टोचते, शेवटची कुणालाच नाही. मोठा झाल्यावर, १९२१ साली, त्यानं हे जगाला सांगितलं. आज प्राण्यांचा अभ्यास करणारे त्याचं नाव घेतात.

तुम्हीही एक वही करा. कोंबड्यांना नावं द्या. पहिल्यांदा दाणे कोण खातं? दांडीवर सगळ्यांत वर कोण बसतं? रोज लिहा. आणि हो, कोंबडीला हात लावून झाला की साबणानं हात धुवा, मगच वही उघडा!