रात्री जागा होणारा संगणक

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री अडीचच्या सुमारास आईनं हाक मारली. तिच्या खोलीतला संगणक आपोआप सुरू झाला होता. "मी हात लावला नाही रे," ती म्हणाली. त्या खुर्चीत वडील बसत. त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आठवड्यात तीनदा असं झालं, तेव्हा आईनं अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं. दुरुस्तीवाल्यानं फोनवरच निकाल दिला, "मदरबोर्ड बदला."

मंडळी, खर्चापेक्षा आईची भीती मला मोठी वाटली. म्हटलं, आधी समजून घेऊ.

आपण संगणक बंद करतो, तेव्हा तो पुरता बंद होतच नाही. इंटेल कंपनीनं १९९५ मध्ये एटीएक्स ही रचना आणली. त्या रचनेत पुढचं बटण वीज तोडत नाही. दारावरच्या घंटीसारखं ते मदरबोर्डला फक्त इशारा देतं. घंटी ऐकायला कुणीतरी जागं हवं. म्हणून भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत पाच व्होल्टचा छोटा पुरवठा मदरबोर्डला अखंड मिळत राहतो. या जाग्या राखणदाराला उठवणारे अनेक: अडकलेलं बटण, कीबोर्ड, नेटवर्कची केबल, बायोसमध्ये लावलेला गजर. संगणक नुसता 'स्लीप'मध्ये असेल, तर माऊसला लागलेला धक्काही पुरतो.

आमचा संगणक 'शट डाउन' केलेला असे. मी एकेक संशयित बाजूला केला. माऊस, कीबोर्ड, नेटवर्कची केबल काढली. प्लग काढून कॅबिनेट उघडलं आणि पुढच्या बटणाची दोन तारांची पिनही मदरबोर्डवरून उपसली. तरी रात्री स्वारी सुरूच! म्हणजे बटण निर्दोष.

मग वहीत वेळा टिपू लागलो. तिसऱ्या सकाळी स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हचं घड्याळ शून्यावर लुकलुकताना दिसलं. रात्री वीज गेली होती! पंखे इन्व्हर्टरवर, त्यामुळे कुणाला कळलंच नाही. संगणक मात्र इन्व्हर्टरवर नव्हता.

बायोसमध्ये एक पर्याय असतो: गेलेली वीज परत आल्यावर संगणकानं बंद राहायचं, सुरू व्हायचं, की आधीच्या स्थितीत जायचं? आमच्याकडे 'सुरू व्हायचं' असं होतं. ते बदललं. खर्च शून्य.

एवढ्यानं भागलं नाही, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल तपासावा. तो संपला की केलेले बदल पुसले जातात. त्यानंतर पॉवर सप्लाय जाणकाराला दाखवावा. त्याचा डबा स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

आईला समोर बसवून मी भिंतीवरचं बटण बंद केलं, थोडं थांबून पुन्हा चालू केलं. संगणक गप्प. मग जुना पर्याय लावून तेच केलं. तो सुरू झाला. "म्हणजे विजेचंच होतं," आई म्हणाली. पर्याय पुन्हा बदलून ठेवला. त्या रात्री तिचं अंथरूण खोलीत परत गेलं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)